दमलेल्या संगणकाचें निदान

गडचिरोली जिल्ह्यांतील चामोर्शी हें तालुक्याचें गांव. त्याच तालुक्यांत वैनगंगेच्या तीरावर मार्कंड्याचीं प्राचीन शिवालयें आहेत. तेथें नदी उत्तरवाहिनी होते, म्हणून त्या स्थानाचें माहात्म्य विशेष मानतात. हा सगळा प्रदेश पूर्वीं चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे; २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याची सुमारें दोन-तृतीयांश भूमि आजहि अरण्यानें व्यापिलेली आहे. अशा मुलखांत एखाद्या सरकारी कागदासाठीं दिवसाची वाटचाल करावी लागणें हें एके काळीं नवलाचें नव्हतें.

आज सातबाराचा उतारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हे सर्व संगणकाच्या द्वारें मिळतात. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें अशा सेवा ठराविक मुदतींत मिळण्याचा हक्कहि नागरिकाला दिला. यामुळें तालुक्याच्या गांवचा संगणक मंदावला तर ती केवळ चालकाची गैरसोय राहत नाहीं. विद्यार्थ्याचा प्रवेश, शेतकऱ्याचें पीककर्ज, म्हाताऱ्या माणसाचें निवृत्तिवेतन हीं सारीं त्या यंत्रापुढें रांगेंत उभीं असतात. यंत्र अडलें, पडद्यावर प्रोसेसरच्या कामाचा आंकडा शंभराला भिडला, कीं बहुधा दोनच निकाल दिले जातात : यंत्र जुनें झालें, किंवा चालविणाऱ्याला कळत नाहीं. पुष्कळदां हे दोन्ही निकाल चुकीचे असतात. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार होय. खरा अपराधी प्रोसेसर आणि बाहेरचीं उपकरणें यांच्या मधल्या जागेंत दडलेला असतो. त्याला शोधून काढण्याची विद्या कशी वाढत गेली, हा संगणकाच्या इतिहासांतील एक बोधप्रद भाग आहे.

भारतांत या इतिहासाचा एक आरंभीचा टप्पा मुंबईस घडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५० नंतरच्या दशकांत डॉ. रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण अभियंत्यांच्या एका गटानें संगणक बांधावयास घेतला. प्रथम एक लहान नमुना तयार झाला, आणि १९६० मध्यें पूर्ण आकाराचें यंत्र कार्यास लागलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नलिका होत्या. पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं १९६२ मध्यें त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्या पिढीच्या संगणकांत बिघाड ही अपवादाची गोष्ट नव्हती. हजारों नलिकांपैकीं एखादी क्षीण झाली कीं उत्तर चुके. सर्वांत मोठी अडचण अशी, कीं पूर्ण निकामी झालेली नलिका ओळखूं येई, पण अर्धवट क्षीण झालेली एकदां बरोबर आणि एकदां चूक वागे.

या अडचणीवर अमेरिकेंत मॅसेच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या ‘व्हर्लविंड’ या यंत्राच्या बाबतींत एक युक्ति निघाली होती. जे फॉरेस्टर व त्यांचे सहकारी यंत्राच्या निरनिराळ्या भागांतील विजेचा दाब मुद्दाम कमीजास्त करीत आणि यंत्राला ठराविक उदाहरणें सोडवावयास लावीत. सुदृढ नलिका हा ताण सोसत. क्षीण नलिका तेथेंच उघड्या पडत. ऐन कामाच्या वेळीं दगा देण्याच्या आधींच त्या बदलतां येत. लपलेला दोष आपण होऊन प्रकट होण्याची वाट न पाहतां त्याला प्रकट होण्यास भाग पाडावें, हें तत्त्व येथें प्रथम रूढ झालें. पुढें नलिका गेल्या. हें तत्त्व मात्र राहिलें.

दुसरी अडचण वेळाची होती. प्रोसेसर वेगवान, परंतु कागदी फीत वाचणारें किंवा अक्षरें छापणारें उपकरण अतिशय मंद. फितीवरील पुढचें अक्षर येईपर्यंत प्रोसेसरला ताटकळत बसावें लागे. एखाद्या निष्णात हिशेबनिसानें टपाल आलें कीं काय हें पाहण्यासाठीं घडोघडीं दाराशीं जावें, तशी ही अवस्था होती. उपाय सुचला तो दारावर घंटा बांधण्याचा. टपालवाल्यानें घंटा वाजवावी. हिशेबनिसानें हातचें काम खूण करून बाजूला ठेवावें, टपाल घ्यावें आणि पुन्हां खुणेपासून काम पुढें चालवावें. या घंटेला संगणकशास्त्रांत ‘इंटरप्ट’ म्हणजे व्यत्यय असें नांव आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें १९५४ मध्यें बांधलेल्या ‘डिसिॲक’ यंत्रांत बाहेरच्या उपकरणांसाठीं ही सोय होती.

या शोधाचें सर्वांनीं आनंदानें स्वागत केलें असें मात्र नाहीं. हॉलंडमधील गणिती एड्स्गर डाइक्स्ट्रा यांना त्यांच्या सहकाऱ्यांनीं नव्या ‘एक्स-१’ यंत्रांत अशी घंटा बसविण्याचा विचार सांगितला, तेव्हां त्यांना प्रथम धास्तीच वाटली. घंटा केव्हां वाजेल याचा नेम नाहीं. तेव्हां तोच कार्यक्रम तेंच काम दोनदां करूं लागला तरी दोन्ही वेळां तो एकाच ठिकाणीं थांबविला जाईल असें नाहीं. मग एकदां घडलेली चूक पुन्हां घडवून दाखवितां येणार नाहीं, आणि जी चूक पुन्हां दाखवितां येत नाहीं तिचें निदान कसें करावयाचें? अखेर त्यांनीं हें आव्हान पत्करलें, आणि १९५९ च्या आपल्या प्रबंधांत त्या व्यत्ययांचा बंदोबस्त करणाऱ्या कार्यक्रमाचें विवेचन केलें. त्यांची शंका मात्र खरी ठरली. संगणक दुरुस्त करणारा मनुष्य आजहि जें वाक्य वरचेवर ऐकतो, तें हेंच : “आत्तांपर्यंत अडत होतें, तुम्ही आलांत आणि चालूं लागलें.”

१९८१ मध्यें आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारांत आला. त्यांत व्यत्ययासाठीं अवघ्या आठ वाटा होत्या. १९८४ च्या पुढील नमुन्यांत त्या पंधरा झाल्या. घंटा वाजली तरी ती कोणाची आणि तिचें काय करावयाचें हें जाणणारा कोणी तरी दाराशीं हवा. ‘ड्रायव्हर’ नांवाचा छोटा कार्यक्रम हेंच काम करतो. तो उपकरण आणि मुख्य प्रणाली यांच्यामधील दुभाषी होय. १९८३ मध्यें डॉस प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीनें असे दुभाषी बाहेरून आणून बसविण्याची सोय केली. त्यायोगें कोणत्याहि कारखान्याचें उपकरण कोणत्याहि संगणकाला जोडतां येऊं लागलें. भारतांतहि १९८४ च्या नव्या संगणक-धोरणानंतर संगणक झपाट्यानें पसरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेलीं यंत्रें कचेऱ्यांतून व घरांतून दिसूं लागलीं. एकाच पेटींत पांच कारखान्यांचे भाग, आणि प्रत्येकाचा दुभाषी निराळा! स्वस्ताई आली ती या मार्गानें. घोटाळाहि याच मार्गानें आला.

दुभाष्याचा अधिकार मोठा असतो. सामान्य कार्यक्रम चुकला तर प्रणाली त्याला बाहेर काढते. ड्रायव्हर मात्र बहुधा प्रणालीच्या गाभाऱ्यांतच वावरतो, आणि त्याला आवरणारें कोणी नसतें. शिवाय तो लिहिणारे लोक उपकरण बनविणाऱ्या कारखान्याचे. प्रणालीचा अंतर्भाग त्यांना पूर्णपणें परिचित असतोच असें नाहीं. २००१ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं लिनक्स प्रणालीची तपासणी केली, तेव्हां ड्रायव्हरांतील चुकांचें प्रमाण गाभ्याच्या इतर भागांच्या मानानें तीन ते सात पट आढळलें. २००३ च्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका निबंधांत विंडोज एक्स.पी. कोसळल्याच्या नोंदींपैकीं शेंकडा ८५ ड्रायव्हरांमुळें असल्याचें दिलें आहे. हे आंकडे चुकांचे आणि कोसळण्याचे आहेत, मंदावण्याचे नव्हेत. तथापि संशयाची दृष्टि प्रथम कोठें वळवावी हें त्यांवरून कळतें.

आतां तो पडद्यावरचा आंकडा. विल्यम लेफेव्हर यांनीं १९८४ मध्यें युनिक्स प्रणालीसाठीं ‘टॉप’ नांवाचा कार्यक्रम लिहिला. कोणतें काम प्रोसेसरचा किती वेळ खातें याची यादी तो दाखवीत असे. १९९६ मध्यें विंडोज एन.टी.च्या चौथ्या आवृत्तींत ‘टास्क मॅनेजर’ आला, आणि ही यादी सामान्य माणसाच्या हातीं पडली. त्याबरोबर गैरसमजहि पसरले. प्रोसेसरला कांहींच काम नसतें तेव्हां तो रिकामा वेळ ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नांवाखालीं मांडला जातो. त्या नांवापुढें ९८ हा आंकडा पाहून, हाच कार्यक्रम सगळा वेळ खातो असें समजून तो बंद करण्याची खटपट अनेकांनीं केली. वस्तुतः तो विश्रांतीचा आंकडा. उलट, यादींतील सर्व कार्यक्रमांची बेरीज दहा भरते आणि एकूण मात्र ऐंशी दिसते, अशी स्थिति असली तर खरोखर विचार केला पाहिजे. बाकीचे सत्तर कोठें गेले? तो वेळ घंटांकडे गेलेला असतो. जुन्या यादींत त्याची निराळी ओळच नसे. मार्क रुसिनोविच यांच्या ‘प्रोसेस एक्स्प्लोरर’ या साधनानें व्यत्ययांसाठीं स्वतंत्र ओळ दाखविली. पुढें टास्क मॅनेजरांतहि ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ ही ओळ आली. निरोगी यंत्रांत तेथें शंभरांत एक-दोनच दिसतात. तोच आंकडा पंधरा-वीसवर जाऊन तेथेंच राहिला, तर दोष उपकरणांत किंवा त्याच्या ड्रायव्हरांत शोधावा.

असे दोष मुख्यत्वें तीन प्रकारचे आढळतात. पहिल्याचें उत्तम उदाहरण २००१ ते २०१४ या काळांत वावरलेल्या विंडोज एक्स.पी. प्रणालीचें आहे. डिस्कवरील मजकूर प्रोसेसरला त्रास न देतां परस्पर स्मृतींत पोंचविण्याच्या पद्धतीस ‘डी.एम.ए.’ म्हणतात. डिस्कला जोडणारी चपटी केबल सैल झाली, जुनी झाली, किंवा ८० तारांच्या केबलीऐवजीं ४० तारांची बसविली, तर वाहतुकींत चुका होत. अशा सहा चुका भरल्या कीं प्रणाली सावधपणानें एक पायरी खालीं उतरे; आणि उतरतां उतरतां शेवटीं ‘पी.आय.ओ.’ या पद्धतीवर येई. या पद्धतींत प्रत्येक मजकूर प्रोसेसरनें स्वतः वाहून न्यावयाचा. म्हणजे हिशेबनीसच हमाल झाला! एखादी फाइल उघडतांच आंकडा शंभरावर जाई. दोष केबलीचा, आरोप प्रोसेसरवर. विशेष असें कीं केबल बदलली तरी यंत्र सुधारत नसे, कारण प्रणालीनें खालची पायरी नोंदून ठेवलेली असे. डिव्हाइस मॅनेजरांतून ती वाहिनी काढून संगणक पुन्हां सुरू केला, म्हणजेच ती नोंद पुसली जाई. कारण दूर झाल्यावरहि परिणाम उरतो, हें ज्याला ठाऊक नसे तो येथें हमखास फसे.

दुसरा प्रकार घंटांच्या वादळाचा. १९९२ पासून प्रचारांत आलेल्या पी.सी.आय. रचनेंत अनेक उपकरणें एकच घंटा वांटून घेतात, आणि दखल घेतली जाईपर्यंत ती वाजतच राहते. एखाद्या उपकरणांत बिघाड झाला, किंवा त्याच्या ड्रायव्हरला आपली घंटा ओळखतांच आली नाहीं, तर हिशेबनीस दाराशीं जातो, कोणी दिसत नाहीं, परततो, आणि लेखणी उचलतो तोंच पुन्हां घंटा. लिनक्स प्रणाली यावर हिशेब ठेवते : एका वाटेनें आलेल्या एक लाख व्यत्ययांपैकीं ९९,९०० हून अधिक बेवारशी निघाले तर ती वाट बंद करते, आणि कोणीहि दखल घेतली नाहीं अशी नोंद लिहून ठेवते. उपकरण निर्दोष असूनहि असें घडूं शकतें. १९९६ मध्यें जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन् यांनीं दाखविलें कीं जाळ्यावरून येणाऱ्या संदेशांचा ओघ फार वाढला तर संगणक केवळ संदेश स्वीकारण्यांतच गुंततो आणि एकहि संदेश पुढें पोंचवीत नाहीं. त्यांचा उपाय असा, कीं गर्दीच्या वेळीं घंटा बंद ठेवून ठराविक अंतरानें आपणच दाराशीं जाऊन पाहावें. जी जुनी रीत गैरसोयीची म्हणून टाकली होती, ती योग्य प्रसंगीं पुन्हां उपयोगी पडली.

तिसरा प्रकार उष्णतेचा. २००० मध्यें आलेल्या पेंटियम-४ प्रोसेसरांत फार तापल्यास स्वतःची गति आपोआप रोखून धरण्याची योजना होती, आणि पुढील प्रोसेसरांत ती सर्वसाधारण झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यांत, पारा ४५ अंशांवर गेला असतां, धुळीनें माखलेला पंखा आणि वाळून गेलेला उष्णतावाहक लेप यांमुळें प्रोसेसर हा बचावाचा मार्ग पत्करतो. गति अर्ध्यावर आली म्हणजे तेंच काम दुप्पट वेळ घेतें, आणि आंकडा वाढलेला दिसतो. कांहीं लॅपटॉपांत चार्जर ओळखला गेला नाहीं तरी गति खालींच रोखली जाते. अशा वेळीं टक्केवारीबरोबर प्रोसेसर प्रत्यक्ष किती गिगाहर्ट्झवर चालला आहे हेंहि पाहावें. ताप उतरविण्यासाठीं औषधाऐवजीं येथें हवेचा फुंकर आणि कुंचला पुरतो.

या तिन्ही प्रकारांच्या अनुभवांतून निदानाचा एक क्रम ठरला आहे. आरंभीं नेहमींचीं कारणें तपासावीं : एखादा नांव असलेला कार्यक्रम, विषाणु, किंवा स्मृतीची टंचाई. तीं निघालीं तर ड्रायव्हरला दोष देण्याचें कारण नाहीं. तीं नसलीं तर यंत्र ‘सेफ मोड’मध्यें, म्हणजे अगदीं आवश्यक ड्रायव्हर तेवढे घेऊन, सुरू करावें. तेथें यंत्र शांत राहिलें तर वगळलेल्यांपैकीं कोणी तरी अपराधी आहे. मग कळफलक, माऊस व मुख्य डिस्क सोडून एकेक उपकरण बंद करून आंकडा पाहावा. एका वेळीं एकच, नाहींतर कोणत्या बदलानें गुण आला तें कळत नाहीं. उपकरण सांपडल्यावर खरा प्रश्न उरतो : दोष उपकरणाचा कीं त्याच्या दुभाष्याचा? याची कसोटी सोपी आहे. तेंच उपकरण दुसऱ्या यंत्राला जोडावें, आणि तेंच यंत्र दुसऱ्या प्रणालीच्या डिस्कवरून सुरू करून पाहावें. दोष उपकरणाबरोबर गेला तर तें बदलावें. प्रणालीबरोबर गेला तर कारखान्याचा योग्य ड्रायव्हर बसवावा. अलीकडेच नवा ड्रायव्हर बसविल्यावर दुखणें सुरू झालें असेल तर मागचा परत आणावा, कारण नवें तें निर्दोषच असतें असें नाहीं.

एवढ्यानेंहि दोष सांपडला नाहीं तर विंडोज २००० पासून ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ नांवाचें साधन उपलब्ध आहे. तें संशयित ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण देतें. सदोष ड्रायव्हर त्या ताणाखालीं प्रणाली थांबवितो आणि आपलें नांव मागें ठेवून जातो. व्हर्लविंडच्या नलिकांवर विजेचा दाब बदलून जें केलें जाई, तेंच हें. मात्र त्यानें यंत्र कोसळूं शकतें, सबब महत्त्वाचा मजकूर आधीं दुसरीकडे उतरवून ठेवल्याशिवाय हा उपाय कोणीं करूं नये.

चामोर्शीसारख्या ठिकाणीं या विद्येचें मोल शहरापेक्षां अधिक आहे. मुंबई-पुण्यांत यंत्र अडलें तर दुसरें संध्याकाळपर्यंत येतें. अरण्यांतील तालुक्यांत सुटा भाग गडचिरोलीहून नाहींतर थेट नागपुराहून मागवावा लागतो, आणि तोंपर्यंत रांगेंतील माणसें परत जातात. दाखले देणाऱ्या संगणकाला छापयंत्र, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारें उपकरण अशीं नाना यंत्रें जोडलेलीं असतात. म्हणजे दारें पुष्कळ आणि घंटाहि पुष्कळ. तेथें एक सैल केबल किंवा एक चुकीचा ड्रायव्हर यापायीं चांगला संगणक मोडींत काढणें हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, आणि निरपराध चालकाला अडाणी ठरविणें हा अन्याय आहे. दोन्ही टाळण्यास महागडें साधन लागत नाहीं. क्रमानें पाहण्याची संवय आणि पाऊण तास एवढें बहुधा पुरतें.

पडद्यावरचा आंकडा प्रोसेसर किती राबतो तेवढेंच सांगतो. कोणासाठीं राबतो तें सांगत नाहीं. टिफ्रॅकच्या नलिकांपासून आजच्या ठसे घेणाऱ्या उपकरणापर्यंत प्रत्येक पिढीच्या जाणत्यांनीं हा दुसरा प्रश्न विचारला, आणि मगच हत्यार हातीं घेतलें. जो हा प्रश्न विचारीत नाहीं तो यंत्रें बदलीत राहतो, आणि दोष जुन्या केबलीबरोबर नव्या यंत्रांतहि घेऊन जातो.